किटलीची हजेरी

बाळांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. नाही, थांबा. डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? चाळीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलं, तरी माझी ही चूक काही गेली नाही. तर डोळे उघडेच ठेवा आणि कल्पना करा. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. स्वयंपाकघरात एक टेबल, त्याला चार खुर्च्या, आणि चारांपैकी तीन खुर्च्यांवर जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. चौथीवर मी. टेबलावर एक किटली. संध्याकाळचे पाच वाजलेत. मी किटलीला हात लावलेला नाही, तिच्याकडे नुसता बघतोय. आणि ती आपणहून 'टक्' करते. तिचा निळा दिवा लागतो.

दचकलात? मी तर खुर्चीसकट मागे सरकलो होतो. पण ते नंतर. गणितात पहिली पायरी गाळली तर उत्तर चुकतं, म्हणून आधी पहिली पायरी.

माझी मुलगी विमानाने जावं लागतं इतक्या लांब राहते. ती, जावई आणि त्यांची आठ वर्षांची लेक. या नातीला आम्ही मुंगी म्हणतो, कारण साखरेचा डबा घरात कुठेही लपवा, तिला तो सापडतोच. रोज संध्याकाळी सातला मुलीचा फोन यायचा. त्यात ठरलेले तीन प्रश्न असायचे. "बाबा, चहा घेतलात का? दूध-भाजी आहे ना घरात? आणि दार नीट लावलंत ना?" त्यांची उत्तरंही ठरलेली होती. घेतला, आहे, लावलं. या परीक्षेत मी रोज पैकीच्या पैकी गुण मिळवायचो. मग मुंगी आईच्या हातातून फोन ओढून घ्यायची, कालच्या गणिताचं उत्तर सांगायची आणि मी तिला नवं गणित घालायचो. सगळा मिळून सात मिनिटांचा कारभार. दिवसातली बाकीची मिनिटं म्हणजे फोनच्या आधीची आणि फोनच्या नंतरची.

मागच्या वर्षी मी न्हाणीघरात घसरलो. लागलं काहीच नाही, पण मुलीने एवढा धसका घेतला की महिन्याभरात माझ्या घरी एक किटली, एक कुलूप आणि एक फ्रिज येऊन दाखल झाले. तिन्ही एकाच कंपनीचे आणि तिन्ही इंटरनेटला जोडलेले. किटली सुरू केली की मुलीला निरोप जाणार: 'बाबांनी चहा केला.' फ्रिजचं दार लावलं की आतला कॅमेरा फोटो काढून पाठवणार. आणि कुलूप माझ्या बोटाचा ठसा ओळखून उघडणार आणि ती बातमीही तिकडे पोचवणार.

पहिले आठ दिवस मी गावभर पेढे वाटल्यासारखा मिरवत होतो. वरच्या मजल्यावर वजनमापे खात्यातले एक निवृत्त निरीक्षक राहतात. त्यांना सगळी इमारत 'वजनमापे' म्हणते, आणि ते ओ देतात. त्यांना मी मुद्दाम बोलावून किटली दाखवली.

"ही आता तुमच्या मुलीला सांगणार, की तुम्ही चहा केलात?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं.

"हो."

"मग तुम्ही तिला काय सांगणार?"

मी हसण्यावारी नेलं. पण बाळांनो, हे निरीक्षक लोक चुकीच्या वेळी बरोबर बोलतात.

कारण पुढच्याच फोनमध्ये मुलगी म्हणाली, "चहा... हं, कळलं मला." तीनांतून एक गेला, उरले दोन. फ्रिजने दुसरा प्रश्न गिळला. कुलपाने तिसरा. मग एके दिवशी ती मायेने म्हणाली, "बाबा, सगळं दिसतंय मला इथून. रोज फोन करून तुम्हाला कशाला अडकवून ठेवू? रविवारी निवांत बोलू या."

मी "बरं" म्हणालो. अडकून पडायला मला किती आवडतं, हे सांगायचं राहून गेलं. त्या दिवशी मुंगीला मी हे गणित घातलं. तुम्हीही पेन्सिल घ्या.

आजोबांच्या डब्यात काही बिस्किटं होती. सकाळी त्यांनी डब्यातली अर्धी बिस्किटं खाल्ली आणि वर आणखी एक खाल्लं. दुपारी उरलेल्यातली अर्धी खाल्ली आणि वर पुन्हा एक खाल्लं. आता डब्यात एकच बिस्किट आहे. तर सुरुवातीला डब्यात किती होती?

"आजोबा, तुम्ही एवढी बिस्किटं खाता?" मुंगीने विचारलं.

"गणितातले आजोबा खातात. मी नाही."

"उद्या सांगते."

पण उद्या काही फोन नव्हता. रविवारी त्यांच्याकडे पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी मुंगीच्या पोहण्याच्या शर्यती होत्या. तिसऱ्या रविवारी 'पुढच्या रविवारी नक्की' असा दोन ओळींचा निरोप आला. गणित तसंच अडकून राहिलं. शिक्षकाला काय लागतं म्हणाल, तर प्रश्न विचारल्यावर वर आलेला एक हात. तो दिसेपर्यंत शिक्षकाला फळ्यापासून हलता येत नाही.

मीच का नाही फोन केला, असं विचाराल. केला होता की. एका बुधवारी केला. मुलगी हलक्या आवाजात घाईघाईने म्हणाली, "बाबा, काय झालं? मीटिंगमध्ये आहे मी."

"काही नाही झालं."

"किटली चालू आहे ना?"

"किटली ठणठणीत आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला. यापुढे आपण होऊन फोन करायचा नाही, असं त्याच क्षणी ठरवलं. म्हाताऱ्या माणसाचा मान फार मोठा नसतो, पण असतो तेवढा त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागतो.

मग मी एक डाव टाकला. वर्गात एखादं पोर हजेरीला बोललं नाही की मी मान वर करून बघायचो. इथे माझी हजेरी किटली देत होती. ती गप्प राहिली, तर कोणीतरी मान वर करून बघेलच की! म्हणून मी चहा बंद केला. सकाळचा नाही, दुपारचा नाही. पाच वाजता डोकं असं ठणकायला लागलं की भिंतीवरच्या घड्याळाचे काटे मला तीन दिसायला लागले. तेवढ्यात वर्तमानपत्र परत द्यायला वजनमापे आले. त्यांना बसवून मी आतल्या खोलीत कपाळावर ओला रुमाल ठेवून आडवा झालो. जरा वेळाने ते दोन कप घेऊन दारात उभे.

"तुमचं डोकं दुखतंय म्हणून मीच चहा टाकला. किटली झकास आहे हो तुमची!"

माझ्या शाळेत दुसऱ्याच्या नावाने 'हजर' म्हणणाऱ्या किती पोरांना मी बाकावर उभं केलं असेल! आज माझ्या नावाने साठी उलटलेला एक सरकारी निरीक्षक 'हजर' म्हणाला होता आणि त्याला बाकावर उभं करायची सोय नव्हती. मी चहा प्यायलो. पाच मिनिटांनी फोनवर, या वस्तूंच्या ॲपमध्ये, किटलीच्या निरोपाला उत्तर आलं. एक पिवळा अंगठा, बाकी काही नाही.

त्याच आठवड्यात कुलपाने हिसका दाखवला. दुपारची भांडी घासून, कचऱ्याचा डबा घेऊन मी खाली गेलो आणि सव्वापाचला वर आलो. कुलपावर बोट ठेवलं. लाल दिवा. पुन्हा ठेवलं. पुन्हा लाल. साबणाच्या पाण्यात बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या आणि ज्या घरात मी तीस वर्षं राहिलो, ते घर मला ओळख द्यायला तयार नव्हतं. तिसऱ्यांदा बोट ठेवलं तेव्हा कुलूप एका गोड बाईच्या आवाजात म्हणालं, "अनोळखी व्यक्ती. मालकांना कळवलं आहे."

मालकांना! मी हातात रिकामा डबा घेऊन जिन्यात उभा. फोन आत, किल्ली या जातीच्या कुलपाला नसतेच. आवाज ऐकून समोरच्या वहिनी बाहेर आल्या.

"सर, बोट केसांवरून फिरवा. तेलकट झालं की ओळखेल."

"वहिनी, केस उरलेत कुठे?"

"मग नाकावरून फिरवा."

मी नाकावरून फिरवलं. लाल दिवा. वरून वजनमापे उतरले. "दाब कमी पडतोय. दोनशे ग्रॅम तरी हवा. चारशे झाला तर काच फुटेल." आता बोटाने दोनशे ग्रॅम मोजून कसे द्यायचे, हे खात्यातून निवृत्त झाल्यावर माणूस सांगत नसतो. वहिनींच्या यजमानांनी आतूनच ओरडून दार तोडायचा सल्ला दिला. स्वतः मात्र ते बाहेर आले नाहीत.

खरं सांगू? मला आतून बरं वाटत होतं. मुलीला निरोप गेला होता. ती घाबरणार. वहिनींचा नंबर तिच्याकडे आहे, त्यावर फोन करणार. मी सांगणार, अगं काही नाही, बोटं सुरकुतली. ती हसणार. मग मुंगी फोन ओढून घेणार. मी वहिनींच्या हातातल्या फोनकडे बघत उभा राहिलो.

फोन वाजला नाही. दार वाजलं. 'टक्.' तिकडून कोणीतरी बटण दाबलं होतं आणि इकडे माझं दार उघडलं होतं. ना हाक, ना चौकशी.

"थँक्यू, बाळ," मी दाराला म्हणालो.

वहिनींनी वजनमाप्यांकडे बघितलं, वजनमाप्यांनी जिन्याकडे. मग दोघंही काही न बोलता आपापल्या घरी गेले. सल्ला देणारी माणसं गप्प झाली की समजावं, आपली अवस्था जरा जास्तच दिसली.

आणि दुसऱ्याच दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, ते घडलं. तुम्ही मघाशी कल्पना केलीत ते. किटली टक् झाली, निळा दिवा लागला, लगेच टक् होऊन विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. मी मोजलं, सवयच ती. सात वेळा. मग शांत. पुढच्या दिवशी पाच वाजता पुन्हा तेच. सात वेळा.

"विजेचा दाब," वजनमापे म्हणाले. "तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवा," वहिनी म्हणाल्या, "कोणी बघत नसलं की गप्प बसतात." हा उपाय किटल्यांसाठी होता की मुलांसाठी, ते कळलं नाही. मी तोंड भिंतीकडे केलं. तिसऱ्या दिवशी किटलीने भिंतीकडे बघत सात वेळा टक् केलं.

शेवटी कंपनीला फोन लावला. अर्धा तास बासरी ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, किटली तापत नाही असं म्हणायचंय का?"

"तापते. पण मी न सांगता तापते."

"माझ्याकडे तीनच प्रकार आहेत, सर. तापत नाही, गळते, वास येतो. कोणता लिहू?"

"चौथा लिहा. आज्ञा मोडते."

"सर, मग 'वास येतो' लिहिते. त्याला माणूस लवकर पाठवतात."

शेवटी तिने मला तिच्या सेवेला दहापैकी गुण द्यायला सांगितलं. मी सात दिले. आयुष्यात कोणाला पूर्ण गुण दिले नाहीत मी. पूर्ण गुण मिळाले की पोरं दप्तर मिटतात.

"सर, नऊच्या खाली आले तर मला साहेबांपुढे उभं राहावं लागतं हो."

आवाजावरून विशीतली वाटत होती. माझ्याच एखाद्या बॅचची असेल. "बरं, नऊ घे," मी म्हणालो. "पण समोरच्याचं पूर्ण ऐकून घेत जा." तिने हा शेराही लिहून घेतला. त्या दिवशी माझ्याशी सगळ्यात जास्त वेळ तीच बोलली होती.

दोन दिवसांनी कंपनीचा कारागीर आला. आल्या आल्या त्याने किटली उचलून वास घेतला.

"वास तर नाही येत."

"वास नाहीच येत. ती स्वतःहून सुरू होते."

"असं होय." त्याने माझा फोन मागितला, ॲपमध्ये शिरला आणि मी कधीही न उघडलेलं एक पान उघडलं. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर म्हणे त्याबद्दल लिहिलेलं होतं. शेवटचं पान वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नका, हे मी चाळीस वर्षं सांगत आलो.

"किटलीत बिघाड नाही, काका. तिकडून कोणीतरी सुरू करतंय. तुमच्या घराला तुमच्याशिवाय आणखी दोन फोन जोडलेत. हा एक ताईंचा. त्यांनी सगळे निरोप बंद करून ठेवलेत, महिना होईल."

"बंद? म्हणजे तिला काहीच कळत नाही?"

"पहिले काही दिवस बघतात सगळे. दिवसाला चाळीस निरोप येतात, काका. कोण बघणार? मीही माझ्या आईकडे हेच लावून दिलंय." त्याने हे सहज म्हटलं आणि मग उगाचच किटलीचं झाकण दोनदा उघडून लावलं. "आणि हा दुसरा फोन. याचं नाव नुसतं 'मुंगी' आहे."

मी चष्मा लावला. पानावर ओळीने सगळं लिहिलेलं होतं. किटली, पाच वाजता, सात वेळा: मुंगी. त्याच्या आदल्या दिवशी, कुलूप उघडलं: मुंगी. त्याच्याही आधी, अंगठा: मुंगी.

हा फोन मला माहीत होता. आईचा जुना फोन, कार्ड काढलेला. शाळेच्या अभ्यासापुरता दिलेला आणि त्यावरून कोणाला फोन लावता येऊ नये अशी तजवीज केलेली. त्यात अभ्यास होता आणि चुकून राहिलेलं आजोबांचं घर होतं. शाळा सुटून ती पाचला घरी येते. आई कामावरून साडेसहाला.

म्हणजे माझी हजेरी घेणारं तिकडे कोणीतरी होतं. इतके दिवस होतं.

मी मटकन खुर्चीवर बसलो. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर, कारण तीच जवळ होती. आणि मग माझ्या लक्षात आलं.

"सात!" मी ओरडलो. "सात चूक आहे!"

"काय चूक आहे, काका?"

"उत्तर! दुप्पट आधी केली आणि एक नंतर मिळवला. नेमकी तिथेच घसरतात सगळी!" मला इतका आनंद किती दिवसांत झाला नव्हता. बाळांनो, बरोबर उत्तरात शिक्षकाला काही काम नसतं. चुकलेल्या उत्तरात त्याला जागा असते.

कारागिराने 'वास येतो' या तक्रारीपुढे 'वास गेला' असं लिहून माझी सही घेतली. जाताना म्हणाला, "किटलीत पाणी ठेवत जा, काका. रिकामी तापली तर खराब होईल." मग जिन्यातून त्याचा आवाज ऐकू आला. "हॅलो, आई? नाही गं, काही झालं नाही. सहजच."

आता मुंगीला उत्तर कसं द्यायचं? तिच्याशी बोलता येत नव्हतं. पण तिला माझं घर दिसत होतं. कुठून? फ्रिजमधून. मी माळ्यावरून माझी जुनी पाटी काढली आणि मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं: 'सात नाही. जवळ आलीस. शेवटाकडून मागे जा, पण दुप्पट करायची घाई करू नको.' पाटी फ्रिजच्या मधल्या फळीवर उभी केली आणि दार लावलं. फोटोत पाटीपुढे दुधाची पिशवी आली होती. पिशवी हलवली, तर टोमॅटो घरंगळून 'घाई'वर येऊन बसला. तो काढला, तर पाटीवर दिवा चमकला. पाटी तिरकी केली. सहाव्या वेळी दार लावल्यावर फ्रिजच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'नवा पदार्थ आढळला. किती दिवस टिकेल?'

मी बराच विचार केला आणि त्या रकान्यात काहीच भरलं नाही.

दुसऱ्या दिवशी वजनमापे पेपर मागायला आले, तेव्हा मी एका खुर्चीवरचा गठ्ठा उचलून त्यांच्याच हातात दिला. सगळा. "काय हो," ते दारातून म्हणाले, "शेवटी या वस्तू उपयोगाच्या की निरुपयोगी? एका शब्दात सांगा."

"उत्तर यायचंय," मी म्हणालो. हे दोन शब्द झाले, पण ते मोजायच्या आधीच मी दार लावलं.

पाच वाजले. मी किटली पाण्याने भरून टेबलाच्या मधोमध ठेवली होती, तोंड माझ्याकडे करून. पाच वाजून एक मिनिट. दोन मिनिटं. तिने फोटो बघितलाच नसेल तर? आईने तो फोन काढून घेतला असेल तर? पाच वाजून चार मिनिटांनी टक्. दिवा लागला, विझला. एक. दोन. मी बोटांवर मोजत होतो, तिसरीतल्या पोरासारखा. पाच. सहा. सात.

आणि किटली थांबली.

मी श्वास धरून बसलो. चला, हरकत नाही. पाटी पुसून पुन्हा समजावू. तेवढ्यात टक्. आठ. मग नऊ, आणि बऱ्याच वेळाने, अगदी विचार करून दाबल्यासारखं, दहा.

"शाब्बास!" मी टेबलावर हात आपटला. दहातली अर्धी पाच आणि वर एक, उरली चार. चारातली अर्धी दोन आणि वर एक, उरलं एक. बरोबर! पैकीच्या पैकी! पहिल्यांदाच मी कोणाला पूर्ण गुण दिले आणि ते ऐकायला घरात कोणी नव्हतं.

मग पुन्हा टक् झालं.

अकरा? माझा हात पाटीकडे गेला. अगं, दहा बरोबर होतं, आणखी एक कशाला? मी दिवा विझायची वाट बघत राहिलो. दिवा विझला नाही. निळा उजेड तसाच राहिला, किटलीच्या तळाशी बारीक सूं सूं सुरू झालं, झाकणाच्या कडेने पहिली वाफ आली आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हे गणितातलं नव्हतं.

मुंगीने माझ्यासाठी चहाचं पाणी ठेवलं होतं.